गाण्यातला थांबा

पळस फुलला की मला धास्ती वाटायला लागते. हे काही बरं लक्षण नाही, मला कळतं. गहू निघून गेलेला असतो, वाऱ्यावर भुसा उडत असतो, धुऱ्यावरचं गवतसुद्धा वाळून कडकड वाजतं, आणि त्या सगळ्या उदास पिवळ्या रंगात पळस तेवढा पेटलेला. माणसाने बघत राहावं असं ते झाड. मी बघते आणि माझ्या तळहातांना घाम सुटतो.

कारण साधं आहे. आमच्याकडे परीक्षा आणि उपासाचे दिवस एकदमच येतात. उपासाचे दिवस म्हणजे ईस्टरच्या आधीचे. आम्ही ख्रिस्ती. आमची जुनी माणसं चर्चला देऊळ म्हणतात आणि मीही देऊळच म्हणते. कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना मी सहज बोलून गेले की रविवारी मी देवळात असते, तर शेजारच्या मुलीने विचारलं, "कोणत्या देवाचं गं?" मी म्हटलं, "आमच्या." ती वहीत तोंड घालून बसली.  पण बाकावर बसल्या बसल्या माझे कान गरम झाले होते ते अजून आठवतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी हळू आवाजात सांगत नाही. माझे बाबा गवंडी, आई लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणारी, आणि मी एम.ए., बी.एड. वाशीमला एका कॉलेजात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. सकाळच्या एसटीने जाते, दुपारच्या एसटीने येते. मी कधी नापास झाले नाही. पण एकही परीक्षा न घाबरता दिली नाही. हॉलमध्ये पेपर वाटेपर्यंतची ती शांतता, पंख्याचा कुरकुर आवाज, आणि आपल्याला काहीच आठवत नाही ही खात्री. मला वाटायचं, शिक्षण संपलं की ही भीतीही संपेल. ती संपली नाही. तिने फक्त जागा बदलली. हॉलमधून उठली आणि देवळात येऊन बसली.

आमचं गाव जऊळका स्टेशनाच्या अलीकडे. देवळावर टिनाचं छप्पर, आणि ऊन वाढलं की ते टिन टकटक वाजतं, जणू कोणी वरून चालतंय. अंगणात कडुलिंब. त्याला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेने टांगलेला, तीच आमची घंटा. आत सतरंज्या, डावीकडे बाया, उजवीकडे माणसं, समोर लाकडी क्रूस आणि त्याच्या खाली पेटी. पेटीमागे याकोबमामा.

याकोबमामा कोणाचे सख्खे मामा नव्हते आणि सगळ्यांचे मामा होते. पांढरा सदरा, कानात बोळा, अत्तराचा नव्हे, साध्या कापसाचा, कारण थंड वाऱ्याने त्यांचा कान दुखे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, बदलून जात, नवे येत. मामा तिथेच. उपासना कोणीही चालवो, मंडळी पाहायची मामांकडे. त्यांनी हनुवटी वर केली की आम्ही तोंड उघडायचो, खाली केली की मिटायचो. लहानपणी मला वाटायचं, आपला आवाज मामांच्या हनुवटीला दोऱ्याने बांधलेला आहे.

झावळ्यांच्या रविवारचं आमचं एक गाणं आहे. ते कोणत्याच पुस्तकात नाही. कोणी रचलं, कोणालाच माहीत नाही. प्रभू गाढवीच्या शिंगरावर बसून शहरात येतो आणि लोक वाटेत झावळ्या अंथरतात, त्या दिवसाचं गाणं.

हळू ये रे राजा, हळू ये,
शिंगराच्या पाठीवरून हळू ये.

पहिली ओळ संपली की आम्ही थांबतो. एक मात्रा, दोन मात्रा असं नाही. पुरतं थांबतो. तबला थांबतो, झांज थांबते, लेकरांची चुळबुळसुद्धा थांबते. टिनाची टकटक ऐकू येते. मग मामांची हनुवटी वर होते आणि दुसरी ओळ उठते. प्रत्येक कडव्यात असंच. बाहेरगावाहून लग्न होऊन आलेल्या सुना पहिल्या वर्षी हमखास फसतात. सगळं देऊळ गप्प आणि एकटीचाच आवाज पुढे निघून गेलेला. ती तोंडाला पदर लावते आणि बाया तिला वर्षभर चिडवतात. "काय वं, राजाच्या आंधीच पोचली का तू?" दुसऱ्या वर्षी ती थांबते. मग ती आमची.

मी लहानपणी आईला विचारलं होतं की आपण मधातच काहून थांबतो. आई ज्वारी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "शिंगराले पाय टाकाले येळ देतो आपन. लहानसं असते ते. घाई केली तं अडखळन."

मला हे उत्तर इतकं पटलं होतं की मी त्या थांब्यात डोळे मिटून शिंगराचे पाय मोजायची. चार खूर. चार पावलं. मग दुसरी ओळ.

गेल्या वर्षी उपासाच्या दिवसांत आमच्या पाळकसाहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. एकाच पाळकाकडे आता इतकी गावं आहेत की बिचारा रविवारी एका गावात प्रार्थना म्हणतो तेव्हा त्याच्या मोटरसायकलचं इंजिन दुसऱ्या गावासाठी गरम असतं. शहरातल्या मोठ्या मंडळीकडून निरोप आला. ज्या गावांना आपली उपासना आपण चालवता येते, त्यांची देवळं चालू राहतील. ज्यांना येत नाही, त्यांनी रविवारी वाशीमला यावं, देवळाला कुलूप लागेल. झावळ्यांच्या रविवारी एक साहेब पाहायला येतील.

निरोप वाचून दाखवला. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांची हनुवटी थरथरत होती. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांना झटका येऊन गेला होता. डावा हात मांडीवर पडून असायचा, आवाज घशातून फाटून निघायचा. त्यांनी उजव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"रुता करन."

माझं नाव रूथ. गावात रुता.

मंडळीचा कारभार पाहतो, उपासना चालवतो त्याला आमच्यात वडील म्हणतात. आजवर सगळे वडील पुरुष. आता मला वडील नेमलं आणि गावभर नुसता हशा. आई म्हणाली, "घरात बाप वडील, देवळात लेक वडील. आता मी आयकू तरी कोनाचं?" बाबा खाटेवरून म्हणाले, "मी जल्माचा वडील आहो, मले या घरात कोनी इचारत नाई. तुले देवळात इचारतील का?" शेजारच्या मार्थामावशीची काळजी वेगळीच. "वडील झालेल्या पोरीले आता नवरा कोन देईन वं बाई?"

मीही हसले. हसताना माझे दात एकमेकांवर वाजत होते हे कोणाला दिसलं नाही.

मला गाता येतं. भाषण करता येतं, शंभर पोरांसमोर उभं राहता येतं, तेव्हा भीती कशाची? हे मी स्वतःला रोज एसटीत विचारायची. खिडकीबाहेर हरभऱ्याचे ढीग, थ्रेशरचा धुरळा, पळस. उत्तर सापडायचं आणि मी ते पुन्हा दडवायची. भीती त्या थांब्याची होती. गाणं चालू असतं तेव्हा कोणीही गातं. पण जिथे सगळे गप्प होतात, तिथून त्यांना परत कोण आणणार? मामा आणायचे. मी हनुवटी वर केली आणि कोणाचाच आवाज उठला नाही तर? साहेब खुर्चीवर बसलेले, मंडळी गप्प, आणि ती शांतता संपलीच नाही तर? तीच शांतता मग कुलपाची.

वाजवायला सुमित होता. मामांचा नातू, माझ्याच हाताखाली बारावी झालेला, दाढी राखलेला, बोटांत जादू असलेला. त्याच्याकडे कीबोर्ड. त्यात तबलाही, ढोलकीही, बटण दाबलं की आपोआप वाजणारी. शहरातल्या एका हॉलमध्ये पोरं ड्रम, गिटार घेऊन उपासना करतात, तिकडे तो अधूनमधून जायचा. त्याच्याबरोबर आमची चार पोरंही जायला लागली होती. मला त्यांचा राग नव्हता. मी तिथे गेले असते तर मलाही आवडलं असतं. पण ती गेली तर आमच्या सतरंजीवर फक्त पांढरे केस उरणार होते, आणि पांढऱ्या केसांसाठी कोणी देऊळ उघडं ठेवत नाही.

पहिल्या सरावाला सुमितने बटण दाबलं. छान ठेका सुरू झाला. मार्थामावशीची मानसुद्धा डुलायला लागली. "हळू ये रे राजा, हळू ये", आणि सगळे थांबले. ठेका थांबला नाही. धाक धिना, धाक धिना, धाक धिना. रिकाम्या देवळात ते यंत्र एकटंच वाजत राहिलं. आम्ही एकमेकांची तोंडं पाहत होतो. सुमितने बटण बंद केलं.

"ताई, हे गाणं आहे का रेल्वे फाटक? मधातच बंद!"

पोरं खदखदून हसली. मागून मार्थामावशी म्हणाली, "फाटक बंद नाई केलं तं मानसं मरतात लेका."

"मंग किती येळ बंद ठेवाचं ते तं सांगा. मी मशीनमध्ये तेवढा गॅप टाकून देतो. चार मात्रा? आठ?"

कोणालाच सांगता येईना. एक म्हणे चार, एक म्हणे श्वास पुरेल तेवढा. आई म्हणाली, "शिंगराच्या पायावर आहे ते." सुमितने कपाळाला हात लावला. पोरांचं म्हणणं सरळ होतं: थांबा काढून टाका. साहेबांसमोर गाणं तुटल्यासारखं वाटेल. म्हाताऱ्यांचं म्हणणंही सरळ होतं: थांबा काढला तर आम्ही गाणार नाही. आणि दोन्हीकडचे लोक माझ्याकडे पाहत होते. वडील मी होते.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेले. ते दारात खाटेवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. समोर अंगणात चिंचेचे बोटुक, म्हणजे वाळक्या शेंगा, सोलायला बसलेल्या बाया. मी खाली बसले आणि विचारलं, मामा, थांबा किती ठेवायचा?

मामा हसायला लागले. अर्धंच तोंड हसत होतं, पण डोळे पूर्ण.

"कॉलेजवाले, तू काय समजून राह्यली होती? शास्त्रात लिवलं आहे?"

"आई म्हणते शिंगराला..."

"तुई माय गरीब आहे बिचारी." त्यांनी आवाज खाली केला. तसाही तो खालीच होता. "भाता फाटला होता वं."

"कोणता भाता?"

"पेटीचा भाता. मी वाजवाले लागलो तवाच फाटका होता. बाकीची गानी कशीबशी निभत, पन हे हळू गानं, याची एक ओळ वाजवली का हवा खलास. मंग भाता भरेपर्यंत लोकायले थांबनं भाग. बस. ते थांबनं."

"पण पेटी तर दुरुस्त केली होती ना? मी लहान असताना अकोल्याहून..."

"हाव. नवा भाता टाकून आनली. पयल्याच रैवारी मी खुशीत सरळ वाजवत गेलो. अन् मंडळी थांबली. सगळी. मी एकटाच वाजवून राह्यलो, लोकं गप उभे. रुते, मले इतकं भेव वाटलं का सांगता नाई येत. जसं मी एकटाच कोन्या दुसऱ्या गावात जाऊन पोचलो. हात काढून घेतला मंग. थांबलो. मान वर केली, तवा लोकायचा आवाज उठला."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कायले सांगू? सांगतलं असतं तं थांबनं सोडलं असतं त्याईनं."

मी घरी आले ती पायाखालची वाट न बघता. आपण जे जपतो ते काय आहे, हा प्रश्न मला शिकल्यामुळे पडायचा असं मला वाटे. त्या दुपारी तो शिक्षणाचा उरला नाही. डोळे मिटून मी ज्या शिंगराची पावलं मोजली, ती एका फाटक्या चामड्यातून निसटणारी हवा होती. सुनांना आम्ही त्या भोकावरून चिडवलं. त्या भोकावर थांबायला शिकल्या की त्यांना आपलं म्हटलं. मग बाकीचं काय? आमच्या गुडघे टेकण्यात, घंटेच्या ठोक्यात, बायांच्या डोक्यावरच्या पदरात अशी किती भोकं असतील? आणि उद्या सुमितने एखाद्या चांगल्या यंत्राने ती सगळी बुजवली, तर खाली काही उरेल का? मी अकरावीच्या पोरांना कवितेतल्या विरामाचं महत्त्व शिकवते. त्या आठवड्यात तो धडा मला शिकवता आला नाही. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि खडू मोडला.

आईला मी सांगितलं नाही. ते तिचं शिंगरू होतं.

आणखी एक थांबा आहे, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. माझ्या लहानपणी झावळ्यांच्या रविवारी गावातून फेरी निघायची. देवळापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि विहिरीला वळसा घालून परत. पारावरची माणसं बाजूला सरकून बसायची, बाया दारात यायच्या, पोरं झावळी मागायची आणि आम्ही द्यायचो. आता फेरी देवळाच्या अंगणातच फिरते. कडुलिंबाला वळसा आणि आत. हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. गावात कोणी आम्हाला काही म्हटलं का? नाही. मोबाईलवर कुठकुठच्या प्रार्थना बंद पाडल्याचे व्हिडिओ येतात, ते आम्ही पाहतो आणि एकमेकांना दाखवत नाही. एका वर्षी फेरी जराशी आखूड झाली, दुसऱ्या वर्षी आणखी. कोणी काही म्हटलं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं.

झावळ्या शेवंताकाकूंच्या नाल्यातल्या. काकू आमच्या मंडळीतल्या नव्हेत, मारुतीच्या पारापलीकडच्या. त्यांच्या वावरात शिंदीची झाडं आहेत आणि शेवंताकाकू वर्षानुवर्षं आमच्यासाठी राखून ठेवतात. गेल्या वर्षी मी झावळ्या आणायला गेले तर त्या धुऱ्यावर उभ्याच होत्या.

"आली का बाई? म्या म्हनलं यंदा येतात का नाई. बकऱ्यावाल्याले हात लावू नाई देला म्या." मग विळा माझ्या हातात देत म्हणाल्या, "रुता, तुमची ते फेरी काहून बंद केली वं? आमाले लय चांगलं वाटे. आमच्या दारावरून देव गेल्यासारखा."

 "तसंच, काकू," म्हटलं आणि झावळी कापली. शिंदीचा काटा बोटात गेला. बरं झालं. डोळ्यांत पाणी का आलं ते सांगायला काहीतरी मिळालं.

रविवार उजाडला. बाबांनी रुळाच्या तुकड्यावर ठोके दिले. साहेब वेळेवर आले, पांढरी गाडी, पांढरा शर्ट, स्वभावाने चांगले, लेकरांच्या गालाला हात लावणारे. त्यांना खुर्ची दिली. मामांना दोघांनी धरून आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. सुमित कीबोर्डमागे. आदल्या सरावात मी त्याला एकच सांगितलं होतं, "ते आपोआपवालं बटण दाबू नको. माझ्याकडे पाह्य." तो म्हणाला होता, "ताई, तुमी मान हलवली नाई तं?" मी म्हटलं होतं, "तर तूही वाजवू नको." तो घाबरला होता. मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. भीतीला सोबत मिळाली.

प्रार्थना झाली. शास्त्रपाठ मीच वाचला, आवाज कापला नाही. मग झावळ्या हातात घेऊन सगळे उभे राहिले.

हळू ये रे राजा, हळू ये.

थांबलो.

मला वाटलं होतं मी मनात काहीतरी मोजेन. शिंगराची पावलं मोजता येईनात, भाता आठवायला लागला. टिन वाजलं. कोणाच्या तरी हातातली झावळी सळसळली. दूर जऊळक्याच्या बाजूला गाडीची शिटी झाली. साहेबांनी वर पाहिलं. सुमितची बोटं पट्ट्यांच्या वर, हवेत. माझी मान खाली होती आणि ती वर होत नव्हती.  मी पुन्हा परीक्षेच्या हॉलमध्ये होते, पेपर समोर होता आणि मला काहीही येत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. आमच्या देवळातला तो सगळ्यात लांब थांबा असावा.

मग मला आवाज ऐकू आला. बारीक, सगळीकडून. लोक श्वास घेत होते. आईचा, तिला दमा आहे, तो शिट्टीसारखा. मार्थामावशीचा जाडसर. पोरांचे नाकातून. भिंतीशी मामांचा, फाटका, अर्धा आत जाणारा, अर्धा बाहेर सांडणारा. सगळे भाते भरत होते. कोणी निघून गेलं नव्हतं.

मी मान वर केली.

त्या दुसऱ्या ओळीचं मी इथे काही लिहीत नाही. ती उठली, एवढंच.

उपासना संपल्यावर साहेबांनी चहा घेतला. म्हणाले, "छान चालवलंत हो. बाई असून धीट आहात. फक्त त्या गाण्यात मधे लिंक तुटली. सगळेच विसरलात वाटतं! होतं असं. पुढच्या वेळी ट्रॅक लावा, म्हणजे चुकायचं काम नाही." मागे उभ्या मार्थामावशीने तोंडाला पदर लावला. साहेबांना वाटलं ती लाजली.

निरोप आठवड्याने आला. देऊळ सध्या चालू द्यावं.

सध्या. मी भाषा शिकवते, मला शब्दांचं वजन कळतं. बाबा म्हणाले, "सध्या तं सध्या. मीही सध्याच आहो." सगळे हसले आणि आम्ही पेढे वाटले. तो शब्द मात्र त्या दिवसापासून माझ्याबरोबर एसटीत बसतो.

पोळ्याच्या आसपास मामा गेले. त्यांना पोचवताना आम्ही तेच गाणं म्हटलं, सण नसताना, झावळ्या नसताना. थांब्याला मान मी वर केली. सुमित दिवाळीनंतर पुण्याला लागला, एका गोदामात, रविवारीही ड्यूटी. कीबोर्ड सोबत घेऊन गेला. पेटी आहे, पण वाजवणारं कोणी नाही. मी शिकते आहे, बोटं जड आहेत.

आणि आता पुन्हा पळस. माझ्यासमोर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा आहे. यंदा शहरातून सगळ्या गावांसाठी गाण्यांचे ट्रॅक मोबाईलवर आले आहेत, जिथे पाळक नाही, वाजवणारा नाही, तिथे लावायला. चांगलं काम आहे, कोणीतरी मेहनत घेतली आहे, वाईट बोलण्यासारखं काही नाही. झावळ्यांच्या रविवारी साहेब पुन्हा येणार आहेत. त्या दिवसासाठी ट्रॅकवरचं गाणं नवं आहे, आमचं नाही. त्यात थांबा नाही, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत ते सरळ जातं. मीच म्हटलं, शिकवू पोरांना. देऊळ उघडं राहणं मोठं की आपलं गाणं मोठं, याचं उत्तर मी पदवीधर असून मला देता येत नाही.

काल संध्याकाळी रविवारच्या शाळेतली पोरं घेऊन सरावाला बसले. स्पीकर पेटीवर ठेवला. ऊन उतरलं होतं, टिन निवत होतं. पोरांना नवं गाणं दोन दिवसांत पाठ झालं होतं, पोरांना होतंच. मी बटण दाबलं. ठेका, बासरी, मग पोरांचे आवाज, चांगले, मोकळे. पहिली ओळ संपली.

आणि पोरं थांबली.

सगळी. कोणी शिकवलं नव्हतं. त्या गाण्यात तशी जागाच नव्हती. झावळ्यांच्या रविवारचं गाणं म्हटलं की ओळ संपल्यावर थांबायचं असतं, एवढंच त्यांना माहीत. स्पीकर पुढे चालला होता, दुसरी ओळ, तिसरी, बासरी, सगळं आपलं आपण. पोरं तोंड मिटून उभी. पुढच्या रांगेतल्या एकीने माझा पदर ओढला.

"रुतामावशी, ते पुढे गेलं. आपन मांगच राह्यलो."

 साहेबांच्या खुर्चीची जागा समोरच होती, रिकामी. आणि मला मामा दिसले, नव्या भात्यावर एकटेच वाजवत, दुसऱ्याच कोणत्या तरी गावात जाऊन पोचलेले.

मी हात लांब केला आणि स्पीकर बंद केला.

टिन वाजलं. पोरं माझ्या हनुवटीकडे पाहत होती, त्यांच्या छात्या फुगलेल्या, श्वास भरून तयार. मान वर कधी करायची ते मला अजून कळलं नव्हतं.